एका लाखाला 868

[दृश्य : पाथर्डी फाटा. चौकातली गर्दी. खांबांवर आणि रिकाम्या प्लॉटच्या पत्र्यांवर बिल्डरांच्या पाट्या.]

नाशिकमध्ये घर शोधायला निघालं की घराच्या आधी पाट्या भेटतात. 'फाट्यापासून पाच मिनिटं.' 'स्टेशनपासून वीस मिनिटं.' 'समृद्धीला लागून.' ही मिनिटं कुणी मोजली, कधी मोजली, हे पाटीवर नसतं. रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, एजंटच्या गाडीतून मोजली असावीत असा आमचा दाट संशय आहे.

मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसं सरकत सरकत इथवर येतात. त्यांच्यामुळे नाशकातलं घर महागतं म्हणून नाशिकची माणसं आणखी पुढे सरकतात. आडगाव, म्हसरूळ, सिन्नर, घोटी. या दोघांची वही एकच आहे, म्हणून आपण ती दोन्ही बाजूंनी उघडू.

[दृश्य : कसारा स्टेशन. लोकलमधून उतरणारी माणसं, बाहेर नाशिकच्या शेअर टॅक्सीवाल्यांचा पुकारा.]

मध्य रेल्वेची लोकल इथे संपते. सीएसएमटीपासून 121 किलोमीटर. मुंबईबाहेर फेकला गेलेला नोकरदार या मार्गावर टप्प्याटप्प्याने मागे येतो. आधी डोंबिवली, मग टिटवाळा, मग वासिंद, आसनगाव. कसाऱ्यापर्यंत निदान लोकलचा आधार असतो. पुढे घाट. 37 फूट पुढे जावं तेव्हा गाडी एक फूट वर चढते, इतका तो खडा आहे. म्हणून वर जाणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून बँकर इंजिनं लावतात. गाडी अशी धापा टाकत चढत असताना घरांचे भाव मात्र उतरत असतात. घाटाच्या वर, त्याच पैशात, हॉल वाढतो, बाल्कनी येते, पार्किंग येतं.

आणि पंचवटी एक्स्प्रेस येते. 1 नोव्हेंबर 1975 पासून धावणारी ही गाडी मनमाडहून सुटते आणि सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला लागते. पासधारक डब्यात चढतात ते रिकामी जागा शोधत नाहीत, माणसं शोधतात. वर्षानुवर्षं ठरलेला शेजार असतो. दसऱ्याला डब्याची पूजा होते, निवृत्त होणाऱ्याला निरोप दिला जातो. या गाडीवर कौतुकाचे लेख पुष्कळ झालेत. ते खोटे नाहीत. पण कौतुकात एक हिशेब राहून जातो. नाशिकरोड ते सीएसएमटी जवळजवळ 187 किलोमीटर. जाऊन-येऊन 374. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला घराबाहेर, संध्याकाळी सव्वासहाची परतीची पंचवटी, रात्री दहाच्या आगेमागे नाशिकरोड. मुलं झोपलेली असताना निघायचं आणि झोपल्यावर यायचं. घर मोठं मिळतं, हे खरं. त्या घरात राहतं बाकीचं कुटुंब.

आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागणाऱ्यांना हे गणित सुटतं. रोज जाणाऱ्याने घर घेण्याआधी महिनाभर भाड्याने राहून पंचवटी करून बघावी. पावसाळ्यातला महिना निवडावा. घाटात दरड आली की गाडी कुठे आणि किती वेळ थांबते, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

[दृश्य : दुचाकीचा मीटर. मग वहीवर पेनाने मांडलेली आकडेमोड.]

आता पैसे. साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी कर्ज काढलं तर दर एक लाखाला महिन्याचा हप्ता साधारण 868 रुपये पडतो. हा आकडा पाठ करून ठेवा. सगळी लांबची घरं या एका आकड्याने तपासता येतात.

समजा, नोकरी अंबडला आहे. कंपनीजवळचा फ्लॅट महाग, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा बाहेरच्या गावात, रोज एका बाजूला वीस किलोमीटर जास्त पडतील असा स्वस्त फ्लॅट बघितला. रोजचे चाळीस, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे 1040 किलोमीटर. दुचाकी लिटरला पन्नास देते असं धरा, आणि पेट्रोल 105 रुपये. बावीसशे रुपये गेले. बावीसशेला 868 ने भागा. अडीच. म्हणजे लांबचं घर अडीच लाखांनी स्वस्त असेल तर ते स्वस्त नाहीच. पैसे बँकेत जाण्याऐवजी पंपावर जातात, एवढाच फरक. घरात कमावणारे दोघं असतील आणि दोघांनाही शहरात यावं लागत असेल, तर पाच लाख. टायर, सर्व्हिसिंग आणि कंबर यात धरलेली नाही.

उलट फरक दहा-बारा लाखांचा असेल, तर लांबचं घर खरंच स्वस्त आहे. मग वेळेचं काय ते आपलं आपण ठरवावं.

[दृश्य : सिडको, पवननगर. अरुंद गल्ल्या. खाली दुकान, वर तीन मजले.]

स्वस्त घराचा प्रश्न नाशिकने एकदा बऱ्यापैकी सोडवला होता. सातपूर आणि अंबडला कारखाने आले, कामगार आले, आणि सत्तरच्या दशकापासून सिडकोने, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, नवीन नाशिक वसवायला घेतलं. पहिली योजना, दुसरी योजना, अशा सहा. जुने लोक पत्ता अजून तसाच सांगतात. घर म्हणजे दोन खोल्या, मोरी, आणि पुढे हातभर अंगण. जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर.

मी अशाच एका घरात वाढलो. वडील दुसऱ्या पाळीला सायकलवरून निघायचे, आणि भोंगा वाजायच्या आत गेटवर असायचे. कामाच्या जागेपासून सायकलच्या अंतरावर घर, एवढंच त्या योजनेचं शहाणपण होतं. पुढे त्या दोन खोल्यांवर मजले चढले. थोरल्याचं लग्न झालं की एक स्लॅब, धाकट्याचं झालं की दुसरी. परवानगीचं विचारू नका. आज गल्लीत चारचाकी वळत नाही आणि खालच्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो. तरीही वरच्या मजल्यावरची एक खोली आणि किचन, हे अंबडच्या कंत्राटी कामगाराचं पहिलं घर अजूनही इथेच असतं. घर विकत घ्यायचं असेल, तर भाडेपट्टा कुणाच्या नावावर आहे, हस्तांतर झालंय का, आणि वरचे मजले कागदावर आहेत का, हे आधी बघायचं. बहुतेक घरांत हे तिन्ही एका वेळी जुळत नाही.

त्याहून स्वस्त जागा गावठाणात आहेत. भद्रकाली, पंचवटीतले जुने वाडे. भाडे नियंत्रण कायद्यामुळे काही भाडेकरू अजून नाममात्र भाडं भरतात. घरमालकाला तेवढ्या पैशात कौलं बदलणं परवडत नाही, आणि भाडेकरूला बाहेर जाणं परवडत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. पावसाळ्यात एखादी भिंत पडते. पुढच्या वर्षी पुन्हा नोटीस.

[दृश्य : रामकुंड परिसर. दुतोंड्या मारुती. पाण्याच्या जुन्या खुणा.]

गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते विचारतात. गुडघा, कंबर, छाती. 2008 आणि 2019 मध्ये मारुती दिसेनासा झाला. घर बघताना हा मारुती आठवायचा. गोदेच्या किंवा नंदिनी (नासर्डी) नदीच्या काठी, शहराच्या मधोमध एखादा तळमजला आसपासच्या मानाने फारच कमी किमतीत मिळत असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा पूररेषेत सापडतं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट दोन्ही सांगत नाही. समोरच्या पानटपरीवाल्याला विचारावं. तो शटरवर हात ठेवून दाखवतो.

[दृश्य : शेतात चुन्याने आखलेले प्लॉट. लांबवर द्राक्षबाग.]

फ्लॅट नको, थोडी माती हवी, अशी इच्छा अनेकांची असते. शहराबाहेर गुंठ्याने जमीन विकणारे त्याच इच्छेवर जगतात. चुना टाकलेला असतो, लोखंडी कमान उभी असते, साइटवर मिसळपावही मिळते. मिसळ खावी. सही करू नये. शेतजमिनीचा सातबारा दहा-बारा जणांच्या नावावर आणि आपला प्लॉट फक्त नोटरीच्या कागदावर, असं असेल तर आपण जमीन नाही, एक वाद विकत घेतलेला असतो. एनए (बिगरशेती) झालंय का, मंजूर लेआउट कुठे आहे, रस्ता नकाशात आहे की फक्त जमिनीवर, हे विचारल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो का, एवढं ऐकलं तरी बरंच कळतं. सरकारने गुंठेवारीची बांधकामं नियमित करायला 2001 मध्ये कायदा केला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवली. या आशेवर आजही प्लॉट खपतात.

फ्लॅटमध्ये फसायला वाव कमी आहे, पण आहे. 2017 पासून बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा आहे, भाव कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर, सांगायला हवा. साइटवर अजूनही 'सेलेबल' हा शब्द ऐकू येतो, त्यात जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटाही मोजलेला असतो. आपण टेप घेऊन जावी. इथे नाशिकला एक फायदा मात्र आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी 5 टक्के, पण परवडणाऱ्या घराला 1 टक्का. किंमत 45 लाखांच्या आत हवी. मुंबई महानगर प्रदेशात अशा घराचं कार्पेट 60 चौरस मीटरच्या आत लागतं, नाशिकमध्ये 90. म्हणजे 968 चौरस फूट. 44 लाखांचा ऐसपैस टू बीएचके टिटवाळ्यात घेतला तर कर दोन लाख वीस हजार, नाशिकला 44 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तोही नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात आणखी एक टक्का कमी.

[दृश्य : मोबाइलवर म्हाडाची सोडत बघणारं कुटुंब.]

म्हाडाच्या नाशिक मंडळाची सोडत हाही एक रस्ता. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहिला, तर वीस टक्के घरं अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी म्हाडाला द्यायची, असा 2013 पासूनचा नियम. चांगल्या वस्तीत, चांगल्या इमारतीच्या शेजारी, खऱ्या अर्थाने परवडणारं घर मिळण्याची हीच जागा. आता गंमत बघा. एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर. एकरातून थोडी जमीन बाजूला काढली की नियमच लागत नाही. नाशिकमध्ये भूखंडांचे असे तुकडे पाडल्याचे आरोप 2022 मध्ये विधिमंडळात गाजले. तरी सोडती निघतात, घरं लागतात. अर्ज करावा. कागद आधीच गोळा करून ठेवावेत, उत्पन्नाचा दाखला शेवटच्या दिवशी मिळत नाही.

[दृश्य : घोटी. महामार्ग, मागे डोंगर, उतरलेले ढग.]

सध्या सगळ्यांच्या तोंडी घोटी-इगतपुरी. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याचा घाट आता जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून चुकवता येतो. 'समृद्धीला लागून' या पाट्या तेव्हापासून दुप्पट झाल्यासारख्या वाटतात. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. चारचाकीला टोल आहे. आणि चढता येतं ते ठरलेल्या इंटरचेंजवरूनच. खिडकीतून रस्ता दिसणं आणि त्या रस्त्यावर जाता येणं यात कधीकधी बरेच किलोमीटर असतात. त्यात गोंदे नावाची गावं दोन. एक मुंबई रस्त्यावरचं, कारखान्यांचं, इगतपुरी तालुक्यातलं. दुसरं सिन्नर तालुक्यातलं, समृद्धीच्या इंटरचेंजचं. फोनवर 'गोंद्याजवळ' असं ऐकलं की कुठलं, ते विचारून घ्या.

पाण्याचंही विचारा. हा प्रश्न इथे विचित्र वाटेल. जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, भिंतींना ओल धरते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. वैतरणा, भावली, दारणा, मुकणे, धरणंच धरणं. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, मुकण्याचं नाशिकला. आणि एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाकडे बघत उभ्या असतात. त्यांच्या शेजारी वीकेंडच्या बंगल्यांत पोहण्याचे तलाव भरलेले. तिथल्या नव्या इमारतीत घर घेणाऱ्याने टँकर कोण आणतं, महिन्याला किती, मेंटेनन्समध्ये धरलाय का, हे सोसायटीत राहणाऱ्यालाच विचारावं. तेही मेमध्ये. श्रावणात बघितलेलं घर कुणालाही आवडतं.

सिन्नरला ज्यांची नोकरी माळेगावच्या एमआयडीसीत किंवा मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत आहे, त्यांनी तिथेच राहावं. पुढे काही सांगण्यासारखं नाही.

[दृश्य : रात्र. नाशिकरोड स्टेशन. पंचवटी रिकामी होते. पार्किंगमध्ये दुचाकींच्या रांगा.]

रात्रीचे दहा वाजत आलेत. डब्यातली ओळखीची माणसं जिन्यावर एकमेकांना 'उद्या' एवढंच म्हणतात. बाहेर पार्किंगवाला पावत्या बघतो. कुणी जेलरोडला जातं, दहा मिनिटांत घरी. कुणी देवळाली कॅम्पची रिक्षा धरतं. एक जण हेल्मेट घालून सीटवरचं दव बाहीने पुसतो. त्याला म्हसरूळला जायचंय. घर घेतलं तेव्हा पाटीवर 'स्टेशनपासून वीस मिनिटं' लिहिलं होतं. द्वारकेच्या सिग्नलला, या वेळीही, गाड्यांची रांग लागलेली आहे.