कारखान्याची कंपनी होताना

(दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. मागांचा खडखडाट. शेडच्या रांगांवरून कॅमेरा पुढे सरकतो.)

सोलापूरच्या पूर्व भागात घर आणि कारखाना वेगळे काढता येत नाहीत. पुढे राहायच्या खोल्या, मागे शेड, शेडमध्ये माग. चादर, टॉवेल, अलीकडे शाळेचे गणवेश. वडिलांनी सुरू केलेला धंदा दोन मुलं चालवतात. थोरला सूत आणतो, हिशेब बघतो. धाकटा माल विकतो. कामगारांचा आठवड्याचा पगार, सायझिंगचं (सुताला खळ लावण्याचं) बिल, पोरांची फी, सगळं एकाच गल्ल्यातून निघतं.

मग एखादा मोठा खरेदीदार विचारतो, ‘प्रायव्हेट लिमिटेड आहे का?’ बँकही तेच सुचवते. आणि घरात कंपनीचा विषय निघतो.

(दृश्य : जुन्या मिलची छायाचित्रं.)

या शहराला कंपनी नवी नाही. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, ही कंपनीच होती. १९४९ साली ती बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला. चरणजीतलाल चौधरी हे भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये बहुमतानं निकाल त्यांच्या विरोधात लागला. सरकारच्या ताब्यात गेली ती कंपनीची मालमत्ता. भागधारकाचे शेअर त्याच्याकडेच आहेत, आणि कंपनीच्या हक्कासाठी तो स्वतःच्या नावानं दाद मागू शकत नाही, असा त्याचा आशय. पुढे दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात, १९५३ साली, मिलचा ताबा घेण्याचा तो कायदाच घटनाबाह्य ठरला. पण पहिल्या निकालातलं तत्त्व टिकलं. कंपनी वेगळी, तिचा मालक वेगळा.

गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकानं हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कारण नोंदणीनंतरच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

(दृश्य : संगणकाचा पडदा. ऑनलाइन अर्ज भरला जातोय.)

नोंदणी स्वतः फार अवघड नाही. किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात; तेच दोन भाऊ दोन्ही असू शकतात. किमान भांडवलाची अट २०१५ साली गेली. डिजिटल सही काढायची, नाव राखून ठेवायचं आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘स्पाइस प्लस’ अर्ज भरायचा. पॅन आणि टॅन (करकपातीसाठी लागणारा क्रमांक) त्यातच मिळतात. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागामालकाचं संमतिपत्र लागतं. आपल्याकडे घराचं बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. दारावर कंपनीच्या नावाची आणि पत्त्याची पाटी लावणंही कायद्यानं बंधनकारक आहे. इंग्रजी पाटी असेल, तर जोडीला स्थानिक लिपीतही नाव हवं.

प्रमाणपत्र आलं की पेढे वाटले जातात. घड्याळ मात्र तिथूनच चालू होतं. तीस दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक, तीस दिवसांतच पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक, दोन महिन्यांत शेअर प्रमाणपत्रं. शेअरचे पैसे कंपनीच्या बँक खात्यात भरून १८० दिवसांच्या आत व्यवसाय सुरू करण्याची घोषणा, म्हणजे आयएनसी-२०ए हा फॉर्म. तो भरेपर्यंत कंपनीला धंदाही करता येत नाही आणि कर्जही काढता येत नाही.

(दृश्य : टेबलावर उघडी इतिवृत्ताची वही. पानांवर क्रमांक.)

आता या वहीकडे बघा. बैठकीत काय ठरलं, ते हिच्यात लिहायचं. दोघं भाऊ रात्री जेवताना ठरवतात की नवा रेपियर (बिनधोट्याचा) माग घ्यायचा, बँकेकडून कर्ज काढायचं. घरात तेवढं पुरतं. कंपनीत मात्र सात दिवस आधी बैठकीची सूचना, बैठकीला दोघं हजर, ठराव, आणि तीस दिवसांत इतिवृत्त. पानांना ओळीनं क्रमांक हवेत, मधे कागद चिकटवलेला चालत नाही, अध्यक्षांची सही हवी. छोट्या कंपनीला वर्षातून दोन बैठका पुरतात, दर सहामाहीत एक, मधे किमान ९० दिवसांचं अंतर. एवढं काम घरच्या घरी होतं, तरी तेच राहून जातं. मग पाच वर्षांनी भावांत मतभेद झाले, की कोणी कशाला होकार दिला होता हे सांगायला कागदच नसतो. ही वही भावांच्या नात्यालाच राखते, असं मी म्हणेन.

पैशांचंही तसंच. कंपनीच्या खात्यातून मुलीच्या लग्नाचा खर्च करता येत नाही. संचालकाला पैसे मिळतात ते पगार म्हणून, लाभांश म्हणून किंवा त्यानं कंपनीला दिलेल्या रकमेची परतफेड म्हणून. आणि हातउसने! शेजाऱ्याकडून, मित्राकडून पाच लाख घेण्याची आपली जुनी रीत आहे. कंपनीनं बाहेरच्या माणसाकडून असे पैसे घेतले तर ती ठेव ठरू शकते, आणि ठेवींचे नियम फार कडक आहेत. संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून घेता येतात. पण ही रक्कम उसनी आणलेली नाही, असं त्यांच्याकडून लिहून घ्यावं लागतं.

(दृश्य : सनदी लेखापालाचं कार्यालय. फायलींचे गठ्ठे.)

उलाढाल कितीही कमी असो, कंपनीचं लेखापरीक्षण दरवर्षी होतं. वार्षिक सभेनंतर तीस दिवसांत हिशेबपत्रकं आणि साठ दिवसांत वार्षिक विवरण दाखल करायचं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये जादा शुल्क. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपून ठेवायची असतात.

म्हणून चार मागांच्या प्रत्येक कारखान्यानं कंपनी व्हावं, असं मला वाटत नाही. भागीदारी पुरत असेल तर ती ठेवा. एलएलपीचाही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचाही विचार करा. तिथे उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर सक्तीचं लेखापरीक्षण नाही. पण निर्यात करायची असेल, बाहेरचं भांडवल घ्यायचं असेल, पुढच्या पिढीत वाटण्यांशिवाय धंदा एकत्र ठेवायचा असेल, तर कंपनी करावी. अर्जावर सही करण्याआधी सनदी लेखापालांना नोंदणीचा खर्च विचाराल, तेव्हा दरवर्षीचा खर्चही विचारा. आणि इतिवृत्ताची वही कोण लिहिणार, हे घरात त्याच दिवशी ठरवा.