दारुमा: पडला तरी उठून बसणारा

श्रोतेहो, नमस्कार. जपानमध्ये गुन्मा प्रांतात ताकासाकी नावाचं शहर आहे. देशातल्या सुमारे ८० टक्के दारुमा बाहुल्या इथे तयार होतात. गोल, लालभडक, हातपाय नसलेली आणि आडवी पाडली तरी उठून बसणारी ही बाहुली म्हणजे बोधिधर्म, दक्षिण भारतातून चीनला गेलेला झेन परंपरेचा आद्य गुरू. भिंतीकडे तोंड करून तो नऊ वर्षं ध्यानाला बसला आणि त्याचे हातपाय झडून गेले, अशी लोककथा आहे.

१७८३ मध्ये जवळचा असामा ज्वालामुखी फुटला, त्या काळात मोठा दुष्काळही पडला. शोरिन्झान मंदिराच्या महंतांनी लाकडी साचा कोरून शेतकऱ्यांना ही बाहुली करायला शिकवली, असं परंपरा सांगते. हे शेतकरी रेशीमकिडे पाळत. किडा चार वेळा कात टाकतो, दर वेळी आधी निपचित पडतो आणि मग उठतो. पडून उठणारा दारुमा त्यांना आपला वाटला यात नवल नाही.

आता कृती. साच्यावर खळ लावून ओल्या कागदाचे थर चढवायचे आणि वाळवायचे. मग सुरीने चिरून साचा काढायचा आणि चीर कागदाने पुन्हा चिकटवायची. इथे घाई केली की काम बिघडतं: आतून ओल राहिलेलं कवच नंतर आकसतं आणि चेहरा वाकडा होतो. ताकासाकीत हिवाळ्यात डोंगरावरून कोरडा वारा सुटतो आणि वाळवणाला तो फार उपयोगी पडतो. हल्ली बरीच कवचं यंत्राने लगदा साच्यावर ओढून करतात. चेहरा मात्र अजून कुंचल्यानेच रंगवतात.

तळाला मातीची जड बैठक चिकटवतात. वरचं अंग पोकळ, वजन सगळं खाली, बूड गोल; एवढ्यावरच बाहुली उठते. बैठक मधोमध बसली नाही तर दारुमा कायमचा एका बाजूला कलतो.

मग शिंपल्यांच्या पांढऱ्या पुडीचा लेप. पूड सरसात कालवतात, आणि खरी कसोटी सरसाचीच. तो रात्रभर पाण्यात भिजवून गरम पाण्यावर ठेवून विरघळवायचा, उकळायचा नाही. उकळला की चिकटपणा जातो. सरस जास्त झाला की लेपाला भेगा पडतात, कमी झाला की लेप हाताला लागतो. लेप पुरता वाळल्यावर लाल रंग चढवायचा. ओल्या लेपावर रंग डागाळतो. लाल रंगाने देवीचा रोग दूर राहतो अशी समजूत होती.

चेहऱ्यावरच्या दाट भुवया म्हणजे करकोचा, दाढीमिशा म्हणजे कासव. दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हं. एवढ्या बारीक जागेत पक्षी ओळखू येईल अशी भुवई दोन-चार फटक्यांत काढणारा हात पाहावा, ही या कलेची सर्वात सुंदर बाजू आहे.

डोळे कोरेच ठेवून बाहुली विकतात. नवस बोलताना बाहुलीचा डावा डोळा, म्हणजे आपल्या उजव्या हाताचा, काळ्या शाईने भरायचा. इच्छा पुरी झाली की दुसरा. कुंचला निथळवून घ्या, कारण पांढरा लेप शाई पितो आणि बुबुळाची कड पसरते.