समुद्रावर मेटल डिटेक्टर चालवताय? आधी सेन्सिटिव्हिटी खाली घ्या!

[टेबलावर डिटेक्टर, शेजारी प्लॅस्टिकचा टब आणि खडे मिठाची पिशवी]

राम राम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच: "भाऊ, आपला खान्देशमा समुद्र कोठे शे?" नाही ना भो, मलाही माहितीये. अमळनेरला बोरी आहे, आणि तिला पाणी कधी असतं ते तुम्ही मला सांगू नका. पण आपली तापी शेवटी जाते कुठे? सुरतेपलीकडे, डुमसच्या अंगाला, समुद्रातच ना? नंदुरबारला गाडीत बसलं की तीनेक तासांत सुरत. उधना-लिंबायतमध्ये प्रत्येक गल्लीत आपला एक मामा, एक आत्या. सुटीत पोरंबाळं घेऊन गेलो की संध्याकाळी डुमस नाहीतर सुवाली ठरलेलं. आणि बायामाणसं अंगावर काय घालून जातात? आपण सुवर्णनगरीच्या जिल्ह्यातले लोक. समुद्रावर जातानासुद्धा गळ्यात पोत, बोटात अंगठी, पायात जोडवी.

त्यात ती परदेशी रील. गोरा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा, स्कूप, म्हणजे वाळू गाळायचा जाळीचा डाव, वर काढतो, अंगठी. परत स्कूप, परत अंगठी. ते बघून तुम्ही मशीन मागवता, डुमसला जाता, मशीन किंचाळतं आणि मग मला मेसेज: "दादा, पीस खराब आला." पीस खराब नाही. तुमचं सेटिंग खराब आहे. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ठेवायचा ते सेटिंग.

बेसिक पटकन उरकतो, सगळ्यांना माहितीच आहे. मशीन सुरू करा, बीच मोड लावा, नॉइज कॅन्सल करा, म्हणजे आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट टाळा, ओल्या वाळूवर कॉइल, म्हणजे खालची गोल तबकडी, वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स घ्या, म्हणजे वाळूचा स्वतःचा सिग्नल मशीनला बाजूला काढायला लावा, मग सेन्सिटिव्हिटी ठरवा आणि चाला. क्रम हाच. ग्राउंड बॅलन्स कोरड्या वाळूवर घ्यायचा नाही, जिथे शोधणार आहात तिथे घ्यायचा.

आणखी एक. मशीन घेताना "वॉटरप्रूफ" एवढंच वाचून पैसे देऊ नका. पुष्कळ मशीनची फक्त कॉइल वॉटरप्रूफ असते, वरचा स्क्रीन-बटणांचा डबा नसतो. गॅरेटचं एटी प्रो दहा फुटांपर्यंत चालतं, मायनलॅबचं एक्स्कॅलिबर टू दोनशे फुटांपर्यंत. गुडघाभर पाण्यात फिरणाऱ्याला दोनशे फुटांचं करायचंय काय, ते ज्याचं त्याने बघावं. पण लाट अंगावर येते तेव्हा डबाही भिजतो, एवढं लक्षात ठेवा.

आता मुद्द्यावर येतो.

[टबाकडे बोट]

या टबात वीस लिटर पाणी आहे आणि त्यात सातशे ग्रॅम मीठ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्या हिशोबाने. टब प्लॅस्टिकचाच घ्या, घमेलं घेतलंत तर मशीन घमेल्यालाच सापडलं म्हणेल. ही सेन्सिटिव्हिटी, २५ पैकी २५. कॉइल पाण्यात...

[मशीन किंचाळतं]

ऐकलं? टबात धातू नाही, नुसतं मीठ. खारं पाणी वीज वाहून नेतं, आपल्या नदीच्या पाण्याच्या साधारण शंभर पट. डिटेक्टर करतो काय? चुंबकीय क्षेत्र सोडतो. त्याने धातूत बारीक प्रवाह फिरायला लागतात आणि त्या प्रवाहांची चाहूल कॉइलला लागते. आता पाण्यातच प्रवाह फिरायला लागले तर मशीनने काय समजायचं? त्याच्या लेखी अख्खा समुद्र हाच एक मोठा, पातळ धातूचा पत्रा. तुम्ही सेन्सिटिव्हिटी वाढवता म्हणजे त्याला सांगता की हा पत्रा अजून जोरात ऐक.

आता १६ वर आणतो. शांत. दोऱ्याला बांधलेली ही अंगठी सोडतो... आता बघा, डावीकडून उजवीकडे जाताना एक टोन, परत येताना तोच टोन. दोन्हीकडून सारखा आला की टार्गेट. एकाच बाजूने आला की मीठ, नाहीतर गंजकं लोखंड. समुद्रावर हा १६ चा आकडा तसाच चालेल असं नाही. टब एवढासा आहे, समुद्रात चारी बाजूंनी पाणी असतं, तिथे अजून खाली यावं लागेल. आकडा पाठ करू नका. बडबड थांबेपर्यंत खाली या, बस.

मग कमेंट येणारच. आलेलीच आहे, धुळ्याच्या एका भाऊंची: "सेन्सिटिव्हिटी कमी केली तर खोली कमी होणार, मग महागडं मशीन घेतलं कशाला?" भाऊ, लग्नाच्या वरातीत डीजेपुढे उभं राहून आजोबांनी कानाच्या मशीनचा आवाज वाढवला तर त्यांना नातवाची हाक ऐकू येईल का? डीजेच अजून मोठा ऐकू येईल. पेटीवर लिहिलेली खोली कोरड्या, खनिज कमी असलेल्या जमिनीतली असते. मशीन बडबडत असेल तर वीत-दीड वीत खालची अंगठी बोलते, पण तुम्हाला ऐकू येत नाही. खाली आणलंत तर वीतभरावरची तरी नक्की कळते. कागदावरची खोली घेऊन करणार काय?

आता खरा प्रसंग सांगतो. दोंडाईच्याच्या एका वहिनींची पोत डुमसला तुटली. ओहोटीची वेळ, लाट पायावरून गेली आणि तुटली. मामाच्या पोराने मला फोन केला, मी योगायोगाने उधन्यातच होतो. गेलो तर आधीच एक दादा मशीन घेऊन फिरतोय, सेन्सिटिव्हिटी फुल्ल, कानाला हेडफोन, चेहऱ्यावर वैताग. दर पावलाला सिग्नल. तो खणून खणून दमलेला. मी माझी सेन्सिटिव्हिटी खाली आणली, इतकी खाली की तो म्हणाला, "यात काय सापडणार?" आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाललो. एका जागी बारीक, खालच्या आवाजाचा टोन. वळलो, परत तोच. स्कूप घातला, वाळू धुतली, एक वाटी. आत लाखेत काळी वाळू रुतून बसलेली. दुसरी वाटी तिथून टीचभर अंतरावर. काळे मणी नाही मिळाले, काचेच्या मण्याला मशीन काय ओळखणार? सोन्याची तारही नाही मिळाली.

तार का नाही मिळाली, हे नीट ऐका. मिठाचा सिग्नल मशीनला जिथे दिसतो ना, बारीक सोन्याचा सिग्नलही साधारण तिथेच दिसतो. दोघंही कमी वाहकतेच्या टोकाला. मीठ गप्प करायला गेलात की बारीक साखळी, तार, नथीचा काटा त्यासोबत थोडा गप्प होतोच. साखळीचं तर अजून वाईट, मशीनला एकेक कडी सुटी दिसते. वाटी म्हणजे सलग पत्रा, म्हणून सापडली. जोडव्याचंही तेच. चांदी खणखणीत बोलते, पण आपली जोडवी तोंड उघडी असतात, प्रवाहाला पूर्ण गोल फिरता येत नाही, म्हणून बंद अंगठीपेक्षा सिग्नल कमी येतो. त्या रीलमधल्या गोऱ्याच्या अंगठ्या सगळ्या बंद आणि जाडजूड असतात. तुमचं सोनं वेगळं आहे, हे डोक्यात ठेवूनच चाला.

नाण्यांचंही तेच रडगाणं. तिकडच्या व्हिडिओत सांगतात, "लोखंड रिजेक्ट करा, म्हणजे लोखंडाचा आवाज बंद करा, नाणी वरच्या टोनला येतात." आपला अलीकडचा एक रुपया आणि दोन रुपये स्टीलचे. चुंबकाला चिकटतात. लोखंड रिजेक्ट केलंत की तेही गेले. शोधायला निघाले पैसे आणि बटण दाबून पैसेच बंद! तसंही दोन रुपयांसाठी डुमसला जाण्यात अर्थ नाही, तो भाग वेगळा.

एक गोष्ट आपल्या भागामुळे विशेष. डुमसची वाळू काळपट आहे, बघितली असेल. तापी येते आपल्या काळ्या दगडाच्या मुलखातून, त्या दगडात लोहखनिजाचे कण असतात. विश्वास नसेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काळ्या वाळूतून फिरवा, दाढी उगवल्यासारखे कण उभे राहतात. म्हणजे तिथे दोन भानगडी एकदम, मीठ आणि लोहखनिज. एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन एकाला जुळवलं की दुसऱ्यावर बिघडतं. म्हणून समुद्रासाठी मल्टिफ्रिक्वेन्सी घ्या म्हणतो. ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरून दोन्ही बाजूला काढतं. दुसरा पर्याय पल्स इंडक्शन, उदाहरणार्थ गॅरेटचं सी हंटर. ते झटका देतं, थोडं थांबतं, मग ऐकतं. मिठाचा आवाज काही मायक्रोसेकंदांत विझतो, धातूचा मागे उरतो. गंमत अशी की लोखंड आणि सोनं यातला फरक ते नीट सांगत नाही. खिळा, केसाची पिन, बाटलीचं बूच, सगळं खणा. कंबर चांगली असेल तर घ्या.

"दादा माझ्याकडे सिंगल फ्रिक्वेन्सी आहे, फेकून देऊ का?" फेकू नका. कोरड्या वाळूवर मस्त चालतं, जिथे चटई टाकून लोक बसतात, भेळ खातात, तिथे. ओल्यात न्यायचं असेल तर काय करायचं? सांगा बघू. हो, सेन्सिटिव्हिटी खाली! आणि तरीही बडबडलं तर अजून खाली.

कॉइल कशी फिरवायची? पाण्याच्या रेषेला समांतर. पाण्याकडून कोरड्याकडे फिरवलीत तर प्रत्येक फेरीत मिठाचं प्रमाण बदलतं आणि मशीन गोंधळतं. दुसरं, कॉइल एकतर पूर्ण पाण्यात, नाहीतर पूर्ण बाहेर. अर्धी बुडालेली कॉइल आणि तिच्यावरून जाणारी लाट, यातून भुताटकीचे सिग्नल येतात. लाट येऊन जाऊ द्या, मग फिरवा. स्कूप मागे धरा, पुढे धरलात तर तोच वाजेल. आणि ब्लूटूथ हेडफोन पाण्याखाली नाही चालत, ती लहर खाऱ्या पाण्यात लगेच मरते. वायरवाला वॉटरप्रूफ हेडफोनच हवा.

भुताटकीवरून आठवलं. [खुर्चीत मागे रेलून] ते गुप्तधनवाले. रोज एक मेसेज. "दादा, शेतात हंडा आहे, महाराजांनी जागा दाखवलीये, मशीन घेऊन या." मी येणार नाही. ते दोन तारांचं "गोल्ड लोकेटर" विकतात ना, दोन किलोमीटरवरून सोनं दाखवणारं, ती शुद्ध फसवणूक आहे. हे माझ्या हातातलं मशीन अंगठी वीतभर खाली शोधताना घाम काढतं, ते दोन किलोमीटर कुठून शोधेल? आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार केलात तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, थेट आत. शिवाय जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. आणि चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर मशीन घेऊन जाऊ का, असं विचारणाऱ्यांनो, तिथलं मंदिर पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिकडे मशीन काढूच नका.

समुद्रावर सापडलेली अंगठीही तुमची होत नाही. मालक शोधायचा प्रयत्न न करता खिशात घातलीत तर तो गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१४. फोटो टाकताना सगळा दागिना दाखवू नका, खूण सांगेल त्याला द्या. नाहीच कोणी आलं तर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.

वेळ कधीची? ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी उतरा, पाणी मागे जाईल तसं त्याच्या मागे जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं. पण हे खंभातच्या आखाताचं तोंड आहे भो, तिथे भरती फार मोठी असते आणि पाणी येतं तेव्हा धावत येतं. हेडफोन घालून खाली मान घालून चालणाऱ्याला मागचं काही ऐकू येत नाही. एकट्याने जायचं नाही, मोबाइलवर परतीची वेळ लावून ठेवायची, पावसाळ्यात तर जायचंच नाही. नदीवर पोहलोय म्हणून समुद्रात उतरू नका.

घरी आल्यावर मशीन गोड्या पाण्याने धुवायचं, साध्या नळाखाली, प्रेशरने नाही. कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू काढायची, दांड्याचे जोड उघडून धुवायचे, चार्जिंगची जागा कोरडी झाल्याशिवाय वायर लावायची नाही. रात्री उशिरा गाडीने उतरलात, शेवभाजी खाऊन झोपलात आणि मशीन तसंच पिशवीत राहिलं, तर सकाळी स्क्रूला हिरवट-पांढरं बसलेलं दिसेल.

मशीनचं नाव, कुठल्या किनाऱ्यावर गेलात आणि सेन्सिटिव्हिटी किती ठेवली होती, या तीन गोष्टी कमेंटमध्ये लिहा, मी उत्तर देतो. नुसतं "दादा आवाज येतोय" लिहिलंत तर उत्तर काय येणार, ते आता तुम्हाला पाठ झालंच असेल.