चाइल्ड सायकॉलॉजी करायचीय? मग आधी आयांशी बोलायला शिका

तर मंडळी, बीए सायकॉलॉजी झालं की आपल्या बडोद्यातली पोरं हमखास विचारतात, एमएसयूत म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठात एमए केलं की लहान मुलांची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येईल का. एमए करा, जरूर करा, पण नुसत्या एमएवर ती पाटी लावता येत नाही, त्याला आरसीआयचं म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं. आणि मुलांसाठी म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन नाहीये, मोठे पेशंट पण बघावेच लागतात.

आता "मला ना मुलं खूप आवडतात" हे मी इतक्यांदा ऐकलंय! अहो, आवडतात ते ठीक आहे, पण निम्मा वेळ जातो आई, बाबा आणि आजीबरोबर. केस हिस्टरी घ्यायची असते, बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, मान कधी धरली, पहिला शब्द कधी बोललं, कधी फिट आली होती का, आणि आई एक सांगते, आजी मधेच तिसरंच काहीतरी. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं आणि अति चुळबुळ याचं घ्या, डीएसएम-५ म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं जे अमेरिकन पुस्तक आहे त्याप्रमाणे लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून हवीत आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे "घरी अजिबात ऐकत नाही हो" एवढ्यावर काही ठरत नाही, शाळेतल्या टीचरना पण विचारावं लागतं.

मग टेस्टिंग. सेगुइन फॉर्म बोर्ड म्हणजे लाकडी पाट, त्यात १० आकारांचे ठोकळे बसवायचे, तीनदा करून घ्यायचं आणि सगळ्यात कमी लागलेला वेळ धरायचा. दिसायला एकदम सोप्पं. पण पोरगं चांदणी भलत्याच खाचेत दाबत बसतं आणि आईला राहवत नाही, "अरे तिकडे ना, तिकडे!" तिला न दुखावता गप्प बसवणं कुठल्या पुस्तकात नाही, ते पोस्टिंगमध्येच, म्हणजे ट्रेनिंगमध्ये प्रत्यक्ष पेशंट बघतानाच येतं.

बिने-कामत ही बुद्धिमापनाची टेस्ट आपल्या मराठीत आणि कन्नडमध्ये १९३४ साली आली, मालिनची मुलांची आयक्यू टेस्ट नागपूरची, तीही १९६९ ची. जुनी हत्यारं आहेत. त्यात आपल्याकडचं मूल घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्लिश, मग तोंडी प्रश्न कुठल्या भाषेत विचारले तेही रिपोर्टमध्ये यायला पाहिजे, नुसता आकडा लिहून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

आणि हो, आजारी मुलांआधी साधी मुलं भरपूर बघा, एमएसयूच्या ह्यूमन डेव्हलपमेंट विभागाची चेतन बालवाडी आपल्याच गावात आहे.

राहिलं कोर्सचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं, क्लिनिकलच्या एम.फिल.ला (आरसीआय रजिस्ट्रेशनचा नेहमीचा रस्ता तोच) तेवढी मुदतवाढ मिळाली, आरसीआयने एमए क्लिनिकल आणि साय.डी. म्हणजे सायकॉलॉजीतली डॉक्टरेट आणलं, सगळा गोंधळच आहे. तेव्हा फी भरायच्या आधी आरसीआयच्या साइटवर त्या कॉलेजचं आणि त्याच कोर्सचं नाव मान्यतेच्या यादीत शोधा, नुसतं नावात "क्लिनिकल" असून चालत नाही. एन्ट्रन्सचं पुढच्या व्हिडिओत, चला!