ओव्यांचे पहिले दहा सेकंद

नमस्कार मंडळी. वाचनालयानं मला विषय दिला ‘घरचा कम्प्युटर सुरक्षित कसा ठेवावा’. मी गेली वीस वर्षं कम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर एकच कम्प्युटर येतो, म्हणून आज त्याचीच हकिगत सांगतो.

मला पाचवीला शिकवायला होत्या त्या बाई निवृत्त झाल्यावर गावोगाव हिंडायच्या. म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घ्यायच्या, रेकॉर्ड करायच्या, घरी आल्यावर कम्प्युटरवर चढवायच्या. प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात ठरलेली. बाईंचा आवाज येतो, “आजी, नाव सांगा. गाव कुठलं?” आजी नाव-गाव सांगते, जरा खाकरते, आणि मग ओवी.

२०१९ सालच्या दिवाळीत बाईंचा भाचा सुट्टीला आला होता. रेकॉर्डिंगमागे पंख्याची घरघर यायची, ती काढून द्यावी म्हणून त्यानं एका महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरटी प्रत, उतरवलं. मावशीला मदत करावी एवढंच त्याच्या मनात होतं. क्रॅकसोबत सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यानं केला.

इथे मला थांबायचंय. रात्री दार वाजवणारा माणूस बाहेरून ‘आधी कुत्रं बांधा’ म्हणाला, तर आपण कडी काढू का? पण क्रॅक वापरणाऱ्यांना या सूचनेची इतकी सवय झालेली असते की तीत काही वावगं वाटत नाही. अँटिव्हायरस ओरडणारच, क्रॅक आहे ना, असं धरूनच चालतात. चोराला अशी संधी दुसरीकडे कुठे मिळणार?

थोड्या वेळानं पडद्यावर विंडोज अपडेटसारखी खिडकी आली. अपडेट चाललंय असं समजून दोघं जेवायला बसले. ते अपडेट नव्हतं. त्या खिडकीआड एकेक फाइल कुलूपबंद होत होती. जेवून येईपर्यंत प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलं होतं आणि फोल्डरा-फोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी पडली होती: ९८० डॉलर भरा, ७२ तासांत भरलेत तर ४९०. म्हणजे तेव्हाच्या भावानं निम्मी रक्कमसुद्धा ३५ हजारांच्या आसपास.

फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या अशा प्रोग्रॅमला रॅन्समवेअर म्हणतात. या रॅन्समवेअरचं नाव स्टॉप, त्यालाच डीजेव्हीयू म्हणतात. २०१७च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय तुम्हाला आठवत असेल, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होतं. त्यानं इंग्लंडमधल्या इस्पितळांचं काम अडवलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आलं आणि आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. स्टॉपची एवढी चर्चा झाली नाही, कारण त्याचं लक्ष्य मोठ्या कंपन्या नव्हत्या. ते क्रॅकमधून येतं, म्हणजे तुमच्या-आमच्या घरात येतं. विंडोजनं ठेवलेल्या जुन्या प्रती पुसून टाकतं. मदत शोधायला जावं तर सुरक्षेच्या वेबसाइट उघडू देत नाही. आणि पुष्कळदा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा एक जोडीदारही सोबत आणतं. म्हणून असं काही झालं तर सगळे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या यंत्रावरून. बँकेतून पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करा.

बाईंचा मला फोन आला तेव्हा पहिला प्रश्न मी बॅकअपचाच विचारला. “आहे ना रे, वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे,” बाई म्हणाल्या. मला हायसं वाटलं. जाऊन बघतो तो ती डिस्क कम्प्युटरलाच जोडलेली. कायम जोडलेलीच असायची, काढ-घाल कशाला करायची म्हणून. कम्प्युटरला जी डिस्क दिसते ती रॅन्समवेअरलाही दिसते. तिच्यावरच्या फाइलींनाही तीच शेपटं लागली होती.

तेव्हा एवढं तरी आज घरी जाऊन करा. बाहेरची डिस्क घ्या, फाइली उतरवा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. जमल्यास दोन डिस्क घ्या, एक आपल्याकडे, एक भावाबहिणीच्या घरी. गुगल ड्राइव्हला जोडलेला फोल्डर हा त्याला पर्याय नाही, कारण फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. जुनी आवृत्ती परत मिळू शकते, पण तिला मुदत असते.

दुसरं, रोजच्या वापराला साधं खातं ठेवा, सगळे अधिकार असलेलं ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. त्यानं तुमच्या फाइली आपोआप वाचतील असं मी म्हणणार नाही, पण नवीन काही बसवायचं झालं की पासवर्ड विचारला जाईल आणि घरातलं पोर तुम्हाला हाक मारेल. ती हाक फार मोलाची आहे. अपडेटचं म्हणाल तर ते सेटिंग्जमध्ये जाऊन बघायचं, अचानक समोर आलेल्या खिडकीवर भिस्त ठेवायची नाही. विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी पुढची सोय करावी. आणि आवाज साफ करायला ऑडॅसिटी रीतसर फुकट मिळतं. पंख्याची घरघर त्यात दहा मिनिटांत गेली असती. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो मान खाली घालून उभा होता. मला आजही वाटतं, ते मी त्या दिवशी सांगायला नको होतं.

आता फाइलींचं काय झालं ते सांगतो. स्टॉप घाईत असतं, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीचे साधारण १५० केबी तेवढे कुलूपबंद करतं. वर्डच्या फाइली त्याहून लहान, त्या पूर्ण गेल्या. यजमानांचे फोटो जुन्या साध्या कॅमेऱ्याचे, तेही गेले. पण एमपीथ्री लांबलचक असते. सुरुवात कापून टाकली की पुढचं वाजतं. मी आणि भाचा चार रात्री बसलो आणि ओव्या परत आल्या, एकूण एक.

फक्त १५० केबी म्हणजे त्या रेकॉर्डिंगमधले पहिले नऊ-दहा सेकंद. बाईंचा प्रश्न आणि आजीनं सांगितलेलं नाव, सगळं त्या दहा सेकंदांतच होतं. ओवी ऐकू येते, म्हणणारी कोण ते कळत नाही. त्यातल्या बऱ्याच आजी आता नाहीत. बाईंनी वही घातली आणि आवाज ओळखून नावं लिहायला बसल्या. गावांना फोन केले, सुनांना-नातींना ऐकवलं. पुष्कळ नावं लागली, काही लागत नाहीत.

खंडणी भरली नाही. भरून किल्ली मिळेलच याची खात्री कुणी देत नाही, आणि त्या पैशांवर पुढचं घर फुटतं. ऑक्टोबर २०१९मध्ये एमसिसॉफ्ट कंपनीनं यावर मोफत किल्ली काढली होती. जुन्या १४८ प्रकारांना ती चालते. बाईंचा प्रकार नवा होता, त्याला लागली नाही. पण कुलूपबंद फाइली पुसायच्या नसतात, पुढेमागे किल्ली हाती लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून त्या डिस्कवर बाईंचं नाव आणि तारीख घालून ती मी दुकानाच्या खणात ठेवली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी काढतो आणि एमसिसॉफ्टची ती मोफत किल्ली पुन्हा चालवून बघतो. बाईंच्या वहीत अजून एकोणीस ओव्यांपुढे जागा कोरी आहे.