अंकुशाचं टोक

(पडद्यावर एक अंकुश. कॅमेरा मुठीकडून टोकाकडे सरकतो.)

हा अंकुश. आपल्या ओळखीचा आहे. गणपतीच्या एका हातात पाश असतो आणि दुसऱ्या हातात हा. मनावर अंकुश हवा, खर्चावर अंकुश हवा, असं आपण येता-जाता म्हणतो. पण खरा अंकुश हातात धरून पाहिलेली माणसं फार थोडी. दोन-अडीच फुटांची काठी, टोकाला लोखंडाची सरळ अणी आणि तिच्या बगलेतून मागे वळलेला आकडा. अणीने ढकलायचं, आकड्याने ओढायचं. एवढ्यावर चार टनांचं जनावर चालतं.

हत्तीची कातडी पाठीवर इंचभर जाड असते. पण कानामागे ती पातळ, नाजूक असते. तिथे माशी बसली तरी हत्ती कान हलवतो. माहुताला अशा सगळ्या जागा पाठ असतात.

मी सात-आठ वर्षांची असताना मिरजेला सर्कस आली होती. हत्तीण घंटा वाजवत आली, सोंडेने पिंडीवर हार घातला, टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही अगदी पुढच्या रांगेत होतो, म्हणून मला माहुताचा हात दिसला. काठी त्याने बाहीत सरकवून ठेवली होती आणि आकड्याचं फक्त टोक तिच्या कानामागे टेकवलं होतं. तो मारत नव्हता. रागावलेलाही नव्हता, उलट तिच्याशी काहीतरी हळू बोलत होता. पण ती एकेक पाऊल त्या टोकाच्या अंदाजाने टाकत होती. हे माझ्या मनातून कधीच गेलं नाही.

(दृश्य: अमेरिकेतलं एक शहर. सर्कशीच्या जुन्या जाहिराती.)

सर्कशीतल्या हत्तीवरचा सगळ्यात मोठा कायदेशीर वाद अमेरिकेत झाला, आणि तो झाला या अंकुशावरूनच. तिकडे याला ‘बुलहुक’ म्हणतात. सर्कशीतले जुने लोक मात्र ‘अँकस’ म्हणतात. म्हणजे आपलाच शब्द, हत्तीबरोबर समुद्र ओलांडून गेलेला.

सर्कसवाल्यांचं म्हणणं साधं होतं. हा आमचा लांबवलेला हात आहे. घोड्याला लगाम, कुत्र्याला पट्टा, तसा हत्तीला अंकुश. विरोधकांचं म्हणणं असं, की नुसत्या टेकवण्याने हत्ती ऐकतो, कारण आधी केव्हातरी त्याला तो टोचलेला असतो. या दोन बाजूंत मी कुठे आहे हे लपवायचं कारण नाही. मिरजेचं ते टोक मी पाहिलं आहे.

पण सर्कसवाल्यांची खरी अडचणही समजून घेतली पाहिजे. २० ऑगस्ट १९९४ ला होनोलुलूमध्ये टाइक नावाची आफ्रिकी हत्तीण खेळ सुरू असतानाच उसळली. प्रशिक्षकाला तिने प्रेक्षकांसमोर चिरडलं आणि रिंगणातून थेट रस्त्यावर गेली. पोलिसांनी ऐंशीहून जास्त गोळ्या झाडल्यावर ती कोसळली. रिंगणात हत्ती आणि माणूस यांच्यामध्ये गज नसतो, खंदक नसतो. चार पावलांवर पोरंबाळं बसलेली असतात. तिथे माहुताच्या हातातून अंकुश काढून घेतला, तर त्या चार टनांना थांबवायचं कशाने?

म्हणूनच अंकुशावर बंदी मागणारे आणि तिला विरोध करणारे, दोघांनाही एक गोष्ट नीट कळत होती. अंकुश गेला की रिंगणातला हत्ती जाणार.

(दृश्य: न्यायालयाच्या पायऱ्या.)

लढाई आधी न्यायालयात झाली. २००० साली प्राणिमित्र संस्थांनी रिंगलिंग ब्रदर्स या देशातल्या सगळ्यात मोठ्या सर्कशीच्या मालक कंपनीवर दावा लावला. २००९ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा कंपनीचे प्रमुख केनेथ फेल्ड यांनी शपथेवर सांगितलं, की हो, हत्तींना अंकुशाने मारलं जातं, पण त्याने इजा होत नाही. इतकं कबूल होऊनही दावा फेटाळला गेला! कारण मुख्य साक्षीदार, सर्कशीतलाच एक जुना नोकर, स्वतःही वादी होता आणि सोबतच्या वादी संस्थांकडून वर्षानुवर्षं पैसे घेत होता. त्याला दावा लावायचा हक्कच पोचत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. हत्तींचं काय, या प्रश्नापर्यंत निकाल पोचलाच नाही. पुढे या संस्थांनाच सर्कशीला मिळून अडीच कोटी डॉलर मोजावे लागले. त्या प्राण्यांची कळकळ असणाऱ्यांनी साक्षीदार पोसावा याचं मला आजही वाईट वाटतं. नऊ वर्षं गेली आणि हत्ती तिथेच राहिले.

न्यायालयात हरलेली गोष्ट मग नगरपालिकांत घडली. एप्रिल २०१४ मध्ये लॉस एंजेलिसने अंकुशावर बंदी घातली, ती २०१७ पासून लागू होणार होती. त्याच वर्षी डिसेंबरात ओकलंडनेही तेच केलं. लॉस एंजेलिसच्या नियमात अंकुशाबरोबर बेसबॉलची बॅट, कुऱ्हाडीचा दांडा, गवत उचलायचा काटा यांचीही नावं होती. अशी यादी कुणी उगाच करत नाही.

फिरत्या सर्कशीला खरी भीती याची होती. रिंगलिंगची स्वतःची आगगाडी होती, मैलभर लांब. ती एका गावात खेळ करून पुढच्या गावी जायची. आता या गावात अंकुश चालतो, पुढच्या गावात चालत नाही, त्याच्या पुढे काय होईल ते माहीत नाही, अशी वेळ आली तर वर्षाचा दौरा आखायचा कसा? मार्च २०१५ मध्ये कंपनीने हत्ती बंद करायचं जाहीर केलं. बदललेला लोकांचा कल आणि गावोगावचे वेगवेगळे नियम, ही कारणं तिने स्वतःच दिली.

१ मे २०१६ ला ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला सहा आशियाई हत्तींनी शेवटचा खेळ केला. दोनच महिन्यांनी अंकुशबंदी करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं, ते हेच ऱ्होड आयलंड. हत्ती गेल्यावर तिकिटं खपेनात. २१ मे २०१७ ला सर्कसच बंद पडली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, एकाही प्राण्याशिवाय.

(दृश्य: कृष्णाकाठ. कुरुंदवाडचा घाट.)

आता आपल्याकडे येऊ. भारतीय सर्कस सुरू केली ती अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे ते घोडे शिकवायचे. परदेशी सर्कशीचा खेळ पाहून जिद्दीला पेटले आणि मार्च १८८० मध्ये मुंबईत त्यांनी आपला पहिला खेळ केला.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने खेळ करायला बंदी असलेल्या प्राण्यांची यादी काढली: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. या यादीत हत्ती नव्हता. वन्यजीव कायद्यात हत्ती वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे, तरी नव्हता. मला वाटतं, हत्ती आपल्याला रानातला वाटतच नाही. तो देवळाच्या दारात दिसतो, वरातीत दिसतो, आरतीत तर रोजच असतो. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने संग्रहालयं आणि सर्कशीतले हत्ती हलवायला सांगितलं, तेव्हा ते सुमारे १४० होते. हळूहळू तंबू रिकामे झाले.

वाद मात्र संपला नाही. कुरुंदवाड ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नांदणीचा मठ आहे. तिथली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, तीस वर्षांहून जास्त काळ मठात होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिला गुजरातमधल्या वनतारा या प्राणी-केंद्रात नेलं, तेव्हा गावंच्या गावं रडली. ते रडणं खरं होतं, त्याची चेष्टा करू नये. मिरजेचा तो माहूतही आपल्या हत्तिणीवर जीव लावून असणार. पण लोखंड त्याच्याच हातात होतं.

(दृश्य: मजबूत गजांचं कुंपण. पलीकडे हत्तीण.)

प्राणिसंग्रहालयांत आता दुसरी पद्धत रुळते आहे. माणूस गजांच्या अलीकडे, हत्ती पलीकडे. माणसाच्या हातात एक लांब काठी, तिच्या टोकाला मऊ गोळा. गोळा जिथे धरला, तिथे हत्तीणीने पाय आणायचा. आणला की फळाची फोड मिळते. नखं घासायची, तळवा तपासायचा, कानातून रक्त घ्यायचं, सगळं असंच.

आता ही पाहा. पुढचा उजवा पाय उचलून तिने आडव्या गजावर टेकवला आहे. कानशी फिरते आहे, नखांची पांढरी भुकटी खाली पडते आहे. मध्येच ती थांबते, पाय काढून घेते आणि पाठ फिरवून तळ्याकडे चालू लागते. रखवालदार तिला हाक मारत नाही. कानस खाली ठेवतो आणि वाट बघतो.