पार्क, पाच वॅट आणि मोर्स

(सुरुवातीला फक्त आवाज. घरातला रेडिओ, ४० मीटर बँड, म्हणजे शॉर्टवेव्हचा साधारण ४० मीटर वेव्हलेंग्थचा पट्टा.)

ही घरघर ऐकताय ना? ह्यात कुणीही बोलत नाहीये. मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवे, राउटरचा अडॅप्टर, कुणाच्या तरी छतावरचा सोलर इन्व्हर्टर, ह्या सगळ्यांनी मिळून शॉर्टवेव्हवर टाकलेला हा कचरा आहे. वस्तीत राहणाऱ्या हॅम लोकांची, म्हणजे हौसेखातर परवाना काढून रेडिओवर एकमेकांना गाठणाऱ्यांची, सध्या हीच रड आहे, रेडिओ भारी घेतला, अँटेना लावली, परवाना आहे, आणि हेडफोन घालून ऐकू काय येतं, तर चार्जर.

(कट. तोच बँड, पार्कातून.)

आणि हा तोच बँड, फक्त रेडिओ पार्कात आणलाय. मागे बारीक सरसर, आणि तिच्यावर स्वच्छ उठून दिसणारे टोन, कुणी जवळ, कुणी एकदम खोल. आपल्या व्हिडिओतल्या ह्या ताई बाकावर बसल्या बसल्या आधी पाच मिनिटं काहीच करत नाहीत, नुसतं ऐकतात. आल्या आल्या लगेच पाठवायला सुरुवात करणाऱ्यांना हे जमत नाही.

पण इथे एक गंमत लक्षात घ्या. पार्कातली शांतता आपल्याला ऐकायला मदत करते, समोरच्याला नाही. समोरचा कदाचित अजून त्या घरघरीतच बसलाय, आणि आपल्याकडे आहेत ५ वॅट. मग तो आपल्याला ऐकणार कसा?

मोर्समुळे, म्हणजे आखूड आणि लांब टोनमध्ये अक्षरं पाठवायची ती पद्धत.

म्हणजे बघा, बोलून संपर्क करायचा तर आवाजाला साधारण अडीच हजार हर्ट्झची जागा लागते, म्हणजे समोरच्याचा रिसीव्हर तेवढ्या रुंदीतला सगळा नॉइज पण आत घेतो. मोर्सला ५०० हर्ट्झचा फिल्टर आरामात पुरतो. जागा पाचपट कमी, नॉइज पाचपट कमी, डेसिबलमध्ये सांगायचं तर ७ चा फायदा, तोही एक पै खर्च न करता. त्यात परत आपला कान एकाच सुरावर बसला की बाकीचं बाजूला सारतो, तो फायदा वेगळाच. आणि १०० वॅटवरून ५ वर आलो तरी सिग्नल १३ डेसिबलच पडतो, रेडिओच्या सिग्नल मीटरवरचं एक घर, म्हणजे एस युनिट, ६ डेसिबलचं धरतात, म्हणजे मीटरवर दोन घरांपेक्षा जरा जास्त. पाच वॅट ऐकायला बिचारं वाटतं, पण आकडे तसं म्हणत नाहीत.

(दृश्य: बॅग उघडते.)

सामान किती, ते पण बघून घ्या. रेडिओ तळहातापेक्षा थोडा मोठा. एलेक्राफ्टच्या केएक्स२ सारखा सेट बॅटरी सोडून ४०० ग्रॅमच्या आतच येतो, आयकॉमचा आयसी-७०५ किलोच्या वर जातो पण त्याला मोठा रंगीत स्क्रीन आहे, ज्याची त्याची आवड. एक छोटी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. पॅडल, म्हणजे बोटांनी मोर्स पाठवायची छोटी दांडी. हेडफोन. वही, पेन्सिल. आणि वायर.

वायर हीच खरी अँटेना. लांबी साधारण २० मीटर, म्हणजे ४० मीटर बँडची अर्धी वेव्हलेंग्थ. एका टोकाकडून फीड करायची म्हणून हिला एंड-फेड म्हणतात. आता अडचण अशी की अर्ध्या वेव्हच्या वायरच्या टोकाचा इम्पिडन्स, म्हणजे अडथळा, अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि रेडिओकडून येणारी केबल, म्हणजे कोॲक्स, असते ५० ओहमची, सरळ जोडलं तर पॉवर परत फिरते. म्हणून मधे ही काडेपेटीएवढी डबी, आत फेराइटच्या रिंगवर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, गुणोत्तर ४९ ला १. अडीच हजार भागिले ४९, आले साधारण ५०. बास, झालं काम. आणि हीच वायर कापाकापी न करता २०, १५ आणि १० मीटर बँडवर पण चालते.

(दृश्य: दोरीला बांधलेली वजनाची पिशवी फांदीवरून पलीकडे जाते.)

पिशवी पहिल्याच फेकीत फांदीवरून गेली, हे व्हिडिओत दाखवतात तेवढं नेहमी होत नाही. जिथे झाडावर दोरी टाकायला परवानगी नाही तिथे फायबरचा दुमडता खांब न्यायचा, आणि परवानगी आहे की नाही हे आधी विचारायचं, नंतर नाही. वायरच्या खालच्या टोकाला भडक रंगाची पट्टी बांधा, पोरं धावत असतात, त्यांना वायर दिसत नाही.

हा पार्कात जायचा प्रकार आला कुठून, थोडक्यात. डोंगरमाथ्यावरून रेडिओ चालवायचा समिट्स ऑन द एअर हा कार्यक्रम २००२ पासून आहे. पार्कांचं मोठं झालं ते २०१६ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला शंभर वर्षं झाली म्हणून तिथल्या हॅम संघटनेने वर्षभराचा उपक्रम केला आणि त्यात १० लाखांहून जास्त संपर्क झाले. वर्ष संपलं पण लोकांना थांबायचं नव्हतं, त्यातून पार्क्स ऑन द एअर उभं राहिलं, म्हणजे पोटा, आणि ते आता जगभर चालतं. पार्कात बसणारा तो ॲक्टिव्हेटर, घरून शोधणारा तो हंटर. ॲक्टिव्हेटरला एका युटीसी दिवसात, म्हणजे जगभर एकच धरलेल्या घड्याळाच्या दिवसात, १० संपर्क हवेत, तरच पार्क ॲक्टिव्हेट झाला असं धरतात.

(दृश्य: पॅडलवरची बोटं, जवळून.)

ताईंनी पहिलं काय पाठवलं, तर क्यूआरएल आणि प्रश्नचिन्ह. ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का? थांबल्या. परत विचारलं. कुणी नाही. मग सीक्यू, म्हणजे कुणीही असाल तर उत्तर द्या.

डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा. डा म्हणजे लांब टोन, डी म्हणजे आखूड.

हे कागदावर टिंब आणि रेघ म्हणून पाठ करणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. भिंतीवर तक्ता लावून मोर्स येत नाही, उलट डोक्यात एक सवय बसते, आधी मोजायचं, मग तक्त्यात शोधायचं, आणि तेवढ्यात पुढची तीन अक्षरं निघून जातात. लुडविग कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात वेगळा रस्ता काढला, सुरुवातीपासून पूर्ण वेगात ऐकायचं पण फक्त दोन अक्षरं, ती शंभरात नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं. सुरुवातीला हे अशक्य वाटतं. तरी हाच रस्ता धरा. फार घाई होत असेल तर अक्षर वेगात राहू द्या आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवा, अक्षर ताणायचं नाही.

सीक्यू गेलं आणि काही सेकंदांत फोनवर ओळी यायला लागल्या, त्यांनी फोनला हात पण लावलेला नाही. हे रिव्हर्स बीकन नेटवर्क. जगात ठिकठिकाणी लोकांनी आपापले रिसीव्हर लावून ठेवलेत, ते पूर्ण बँड एकदम ऐकतात, मोर्स आपोआप वाचतात, कुणी सीक्यू केलं की त्याचं कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव), फ्रिक्वेन्सी, वेग आणि नॉइजच्या किती डेसिबल वर सिग्नल आला ते नेटवर टाकतात. पोटाच्या साइटवर आधी नोंद करून ठेवली असेल तर तिथेही आपलं नाव आपोआप झळकतं, पार्कात मोबाईलला रेंज नसली तरी. बोलून संपर्क करणाऱ्याला ही सोय नाही.

आणि मग पाइल-अप. एकदम पाच-सहा जण, सगळ्यांची कॉलसाइन एकमेकांवर, लग्नाच्या पंगतीत सगळे एकदम वाढप्याला हाक मारतात तसं. ह्यातून एक अख्खं कॉलसाइन निघत नाही. ताईंना दोन अक्षरं कळली, त्यांनी तेवढीच पाठवली, पुढे प्रश्नचिन्ह. म्हणजे ही अक्षरं ज्याच्यात आहेत तोच बोला. बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं आणि बहुतेक बसतात पण, एखादा असतोच जो तरीही रेटत राहतो, त्याला उत्तर द्यायचं नाही, एवढंच औषध आहे. जे हुशार असतात ते मुद्दाम शंभरेक हर्ट्झ बाजूला सरकून हाक मारतात, सूर वेगळा पडतो आणि कानाला लगेच सापडतो.

सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट नेहमीचाच, ५९९, म्हणजे एकदम उत्तम, पण पाठवताना ९ च्या जागी एन. हा आळस नाहीये. ९ म्हणजे चार डा आणि एक डी, मधल्या जागा धरून १७ मात्रा (एक मात्रा म्हणजे एका डी एवढा वेळ). एन फक्त ५. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला एक मात्रा ६० मिलिसेकंद, म्हणजे एक ९ एक सेकंद खातो, आणि एन त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात संपतो. आता सिग्नल धड ऐकू येत नसला, चार वेळा परत मागावं लागलं तरी रिपोर्ट ५९९ च देतात, ह्यावर हॅम लोकं स्वतःच हसतात आणि परत तेच करतात.

वेगाची भीती वाटत असेल तर एक सांगतो, आपण ज्या वेगात सीक्यू करू त्याच वेगात उत्तर यायची रीत आहे. १२ ने करा, समजूतदार माणूस १२ नेच येईल. नाहीच आला तर क्यूआरएस पाठवा, सावकाश घ्या म्हणून. त्यात लाजायचं काय?

(दृश्य: ऊन वर आलेलं. हेडफोनमधला सिग्नल वरखाली होतोय.)

दुपारी ४० मीटर आखडतो. वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फिअरचा खालचा डी थर उन्हात जोरात असतो आणि कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल गिळतो, मग काही शे किलोमीटरच्या आतलीच मंडळी भेटतात. ताई २० मीटरवर सरकल्या. तीच वायर, तेच ५ वॅट, आणि समुद्रापलीकडचं कॉलसाइन. ते बुडतं, परत वर येतं, शेवटचं अक्षर राहिलंच. परत मागितलं. आलं. परत मागितलं, कारण यू आणि व्ही मध्ये एका डी चा फरक आणि नेमका तोच डी बुडत होता. तिसऱ्यांदा व्ही ठरलं. सूर्यावर मोठा फ्लेअर, म्हणजे स्फोट, झाला असता तर हे सगळं काही मिनिटांत बंद पडलं असतं, मग कितीही भारी रेडिओ असू दे.

मोर्सची सक्ती आता बहुतेक देशांत राहिलेली नाही. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने ती अट देशांवर सोडली, अमेरिकेने २००७ मध्ये काढून टाकली. तेव्हा बऱ्याच जणांनी मोर्सचा मृत्युलेख लिहून ठेवला होता. आज जे शिकतायत ते परीक्षेसाठी शिकत नाहीयेत, म्हणून टिकतायत असं मला वाटतं.

वायर गुंडाळताना हातावर आठच्या आकड्यात घ्या, गोल गुंडाळली की पुढच्या वेळी अर्धा तास गाठी सोडवण्यात जातो. आणि लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची यादी, पोटाच्या साइटवर अपलोड करायला विसरू नका. १० झाले नसतील, सातच झाले असतील, तरीही करा. पोटामध्ये हंटरला काही पाठवावं लागत नाही, त्याचा हिशोब पूर्णपणे ॲक्टिव्हेटरच्या लॉगवर चालतो, तुम्ही लॉग टाकला नाही तर त्या घरघरीत कान देऊन तुम्हाला शोधणाऱ्या सातही जणांच्या खात्यात तो पार्क येत नाही.